वाघाची वाट तीन अक्षांवर: मोबाइलवर न्यूप्लॉट कसं वापरायचं

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा ज्यांना कमांड बघून टाइप करायच्या आहेत, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना जे बोललो तेच ठेवलंय, फक्त "म्हणजे बघा" थोडे कमी केलेत.

आजचा विषय: त्रिमितीय वक्ररेषा, म्हणजे थ्रीडी कर्व्ह. आणि ती काढायला एक जुनं, फुकट, कमांड लाइनवर चालणारं टूल, न्यूप्लॉट. लॅपटॉप लागत नाही, अँड्रॉइड फोन पुरतो. उदाहरण आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलंच घेणार आहे, टिपेश्वरच्या वाघाचं.

आधी वाघाची गोष्ट, थोडक्यात

टिपेश्वर अभयारण्य पांढरकवड्याजवळ आहे. क्षेत्रफळ साधारण १४८ चौरस किलोमीटर. २०१६ मध्ये तिथल्या एका वाघिणीला तीन पिल्लं झाली. त्यातला पहिला बछडा म्हणजे सी-वन. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था आणि वन विभाग यांनी त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवली. पुढे त्याला "वॉकर" नाव मिळालं.

एक गोंधळ आधीच मिटवतो, कारण कमेंटमध्ये हा प्रश्न येणारच. नोव्हेंबर २०१८ मध्ये राळेगाव-पांढरकवडा भागात जिला गोळी घातली ती टी-वन, म्हणजे अवनी, वेगळी वाघीण. वॉकरची आईसुद्धा टी-वनच म्हणवली जायची, पण ती टिपेश्वर अभयारण्यातली. नंबर सारखा, वाघिणी दोन.

तर वॉकर जून २०१९ मध्ये निघाला. जिल्ह्यातून बाहेर पडला, तेलंगणातल्या आदिलाबादकडे गेला, परत महाराष्ट्रात आला, आणि नांदेड, हिंगोली, वाशिम, अकोला असं करत डिसेंबरच्या सुरुवातीला बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. साधारण पाच महिने, १३०० किलोमीटर. कॉलर २०२० मध्ये काढली, तोवर एकूण ३००० किलोमीटरच्या वर चालणं झालं होतं आणि कॉलरने ५००० हून जास्त ठिकाणं नोंदवली होती.

बातम्यांमध्ये तुम्ही त्याचा नकाशा पाहिला असेल. एक वेडीवाकडी रेघ, टिपेश्वरपासून ज्ञानगंगेपर्यंत. नकाशा चांगलाच आहे, पण त्यातून एक गोष्ट गायब आहे: वेळ. वाघ कुठून गेला ते दिसतं. कधी गेला, कुठे चार दिवस बसून राहिला, कुठून रातोरात निघून गेला, ते काही कळत नाही. तिसरा अक्ष त्यासाठीच पाहिजे.

तिसरा अक्ष म्हणजे वेळ

आपण शाळेत तिसरा अक्ष म्हणजे उंची असं शिकतो. पण तिथे काहीही ठेवता येतं. स्वीडनचे भूगोलतज्ज्ञ टॉर्स्टन हेगरस्ट्रँड यांनी १९७० मध्ये एक साधी कल्पना मांडली: जमीन आडवी ठेवा, पूर्व-पश्चिम एक अक्ष, उत्तर-दक्षिण दुसरा, आणि वेळ वरच्या दिशेने मोजा. मग माणसाचा अख्खा दिवस एका चढत जाणाऱ्या रेघेत मावतो.

ही रेघ वाचायचे नियम तीनच आहेत.

रेघ सरळ उभी असेल तर प्राणी किंवा माणूस जागेवर थांबलाय. वेळ जातोय, जागा बदलत नाही.

रेघ आडवी झुकली असेल तर तो चालतोय. जितकी जास्त आडवी, तितका वेग जास्त.

रेघ कधीही खाली येत नाही. आली तर तुमच्या फाइलमध्ये वेळेचा क्रम चुकलाय.

इन्स्टॉल करू

फोनवर टर्मक्स नावाचं अॅप लागतं. ते एफ-ड्रॉइडवरून घ्या. टर्मक्स उघडलं की काळी स्क्रीन येते, घाबरू नका.

महत्त्वाची सूचना: खाली सगळ्या कमांड मी बोललो तशाच देवनागरीत लिहिल्यात. टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा. "एसप्लॉट" हा एकच शब्द आहे, एस अक्षर आणि त्याला जोडून प्लॉट. "साइन" म्हणजे एस-आय-एन.

पीकेजी इन्स्टॉल जीएनयूप्लॉट

झालं की जीएनयूप्लॉट एवढंच टाइप करा. आत गेलात. हे टूल १९८६ पासून आहे, थॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली यांनी सुरू केलेलं. नावात जीएनयू आहे म्हणून ते त्या प्रसिद्ध जीएनयू प्रकल्पाचं आहे असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नाही. दोघांना दोन वेगळी नावं हवी होती आणि शेवटी हे मधलं ठरलं.

फोनवर खिडकी उघडत नाही, म्हणून चित्र अक्षरांतच काढायला सांगू:

सेट टर्म डम्ब

आता गरम व्हायला एक स्प्रिंग काढू. गोल फिरत वर जाणारी रेघ:

सेट पॅरामेट्रिक
सेट यूरेंज [०:२०]
एसप्लॉट कॉस(यू), साइन(यू), यू

स्क्रीनवर चांदण्या आणि टिंबांची एक ओबडधोबड स्प्रिंग दिसेल. काय झालं ते समजून घ्या. यू ही एकच संख्या शून्यापासून वीसपर्यंत सरकतेय. प्रत्येक यूसाठी तीन उत्तरं निघतात: आडवं किती, आत किती, वर किती. एक संख्या आत, तीन संख्या बाहेर. त्रिमितीय वक्ररेषा म्हणजे एवढंच. सुमारे सव्वासहा एककांत एक वेढा होतो, म्हणून वीसमध्ये तीन वेढे आणि थोडं वर.

वाघाच्या बाबतीत यू म्हणजे वेळ. फक्त तिथे कॉस-साइन असं सूत्र नसतं, कॉलर जे पाठवेल ते.

दोन ओळींची फाइल

वॉकरचे सगळे बिंदू आपल्याकडे नाहीत, आणि जिवंत वाघाचे ताजे बिंदू कोणीही उघड्यावर टाकू नयेत, शिकाऱ्याला पत्ता दिल्यासारखं होईल. पण आपल्याला दोन टोकं माहीत आहेत. क्विट करून बाहेर या आणि नॅनोमध्ये किंवा कुठल्याही एडिटरमध्ये वाट.टीएक्सटी नावाची फाइल बनवा. नॅनो नसेल तर न्यूप्लॉटसारखंच इन्स्टॉल होतं. प्रत्येक ओळीत तीन आकडे, मध्ये स्पेस: दिवस, रेखांश, अक्षांश.

० ७८.५ १९.९
१५० ७६.४ २०.५

पहिली ओळ टिपेश्वर, दुसरी ज्ञानगंगा, दोन्ही अंदाजे. मॅपच्या अॅपमधून आकडे उचलत असाल तर लक्ष ठेवा, तिथे अक्षांश आधी येतो, रेखांश नंतर. आपण उलट लिहितोय, कारण पूर्व-पश्चिम आडवं हवंय.

अंशांचं किलोमीटर करून घेऊ. आपल्या भागात रेखांशाचा एक अंश साधारण १०४.६ किलोमीटर, अक्षांशाचा ११०.७. दोन्ही सारखे नसतात, कारण उत्तरेकडे जाताना रेखांश जवळ जवळ येत जातात. परत न्यूप्लॉटमध्ये शिरा:

सेट टर्म डम्ब
सेट एक्सवायप्लेन ॲट ०
सेट व्ह्यू इक्वल एक्सवाय
एसप्लॉट 'वाट.टीएक्सटी' यूझिंग (($२-७८.५)*१०४.६):(($३-१९.९)*११०.७):१ विथ लाइन्स

डॉलर दोन म्हणजे दुसरा कॉलम. ७८.५ वजा केलं म्हणजे टिपेश्वर शून्यावर आलं, आता अक्षावरचे आकडे थेट टिपेश्वरपासूनचे किलोमीटर आहेत. एक्सवायप्लेनची कमांड विसरू नका. ती दिली नाही तर न्यूप्लॉट जमीन उगाच बरीच खाली सरकवतं आणि रेघ हवेत तरंगताना दिसते.

काय दिसलं? एक सरळ तिरकी रेघ. तिची जमिनीवरची लांबी काढा: पश्चिमेला सुमारे २२० किलोमीटर, उत्तरेला सुमारे ६६, म्हणजे पायथागोरसने साधारण २३० किलोमीटर. आणि वाघ चालला १३००.

म्हणजे आपल्या चित्रातून जवळजवळ १०७० किलोमीटर गायब आहेत. चित्र दिसायला एकदम ठाम. कुठे तुटलेलं नाही, कुठे प्रश्नचिन्ह नाही. न्यूप्लॉट दोन बिंदूंमध्ये नेहमी सरळ रेघ ओढतं, कारण त्याला तेवढंच माहीत असतं. मधलं खरं मानायचं की नाही, हे आपण ठरवायचं.

कॉलर तासातासाला जागा का पाठवते ते इथे कळतं. बिंदू जितके दाट, तितकी वळणं सापडतात आणि लांबी खऱ्याच्या जवळ जाते. तासाच्या दोन बिंदूंमध्येही सरळ रेघच असते, त्यामुळे थोडं अंतर तेव्हाही सुटतं. उलट वाघ झोपलेला असताना जीपीएसचा बिंदू आपोआप थोडा इकडेतिकडे हलतो, त्याने अंतर फुगतं. म्हणून १३०० या आकड्याकडेही मोजमाप म्हणूनच बघायचं.

माहिती नाही तिथे रेघ नको

समजा मध्ये काही दिवस सिग्नलच आला नाही. तर फाइलमध्ये त्या जागी एक रिकामी ओळ सोडा. एसप्लॉट रिकाम्या ओळीवर रेघ तोडतं आणि पुढून नवी सुरू करतं.

इथे एक गंमत आहे, जी शोधायला लोकांचा अर्धा दिवस जातो. तोडलेल्या तुकड्यांमध्ये ओळींची संख्या योगायोगाने सारखी आली, तर न्यूप्लॉटला वाटतं की हा पृष्ठभाग आहे, आणि ते तुकड्यांमध्ये आडव्या रेघा ओढून जाळी विणतं. उपाय एका ओळीचा:

सेट सरफेस एक्सप्लिसिट

ही बारीक गोष्ट वाटेल. पण विचार करा, सिग्नल नसलेल्या चार दिवसांवर सॉफ्टवेअरने ओढलेली रेघ एखाद्या गावातून गेली, तो स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅपवर फिरला, की "आपल्या गावातून वाघ गेला" हे पक्कं झालं. गेलाच नसेल. जिथे माहिती नाही तिथे रेघ तुटलेलीच दिसली पाहिजे.

सावली आणि फिरवणं

आता रेघेची जमिनीवर सावली पाडू. सावली म्हणजेच आपला नेहमीचा नकाशा:

एसप्लॉट 'वाट.टीएक्सटी' यूझिंग २:३:१ विथ लाइन्स, 'वाट.टीएक्सटी' यूझिंग २:३:(०) विथ लाइन्स

दुसऱ्या रेघेत वेळेच्या जागी कंसात शून्य टाकलं, त्यामुळे ती जमिनीवर चिकटली. इथे कमांड लांब होऊ नये म्हणून किलोमीटरऐवजी थेट अंश ठेवलेत.

फोनवर माउस नाही, म्हणून चित्र आकड्यांनी फिरवायचं:

सेट व्ह्यू ०, ०
रिप्लॉट

हे वरून बघणं. वेळ नाहीशी झाली, रेघ आणि सावली एकमेकींवर बसल्या, म्हणजे नकाशा. आता

सेट व्ह्यू ९०, ०
रिप्लॉट

हे बाजूने बघणं. आडवं रेखांश, उभी वेळ. इथे थांबे स्पष्ट दिसतात, उभ्या भिंतीसारखे. आणि सेट व्ह्यू ६०, ३० केलं की परत मूळचं तिरकं दृश्य.

फिरवणं ही नुसती हौस नाही. स्क्रीन सपाट आहे. एका कोनातून दोन रेघा एकमेकींना छेदताना दिसतात आणि दुसऱ्या कोनातून त्यांच्यात हातभर अंतर निघतं. जो छेद प्रत्येक कोनातून टिकतो तोच खरा. हा नियम पुढच्या भागात लागणार आहे.

चांगलं चित्र हवं असेल तर:

सेट टर्म एसव्हीजी
सेट आउटपुट 'वाट.एसव्हीजी'
रिप्लॉट
अनसेट आउटपुट

शेवटची ओळ फाइल नीट बंद करते. मग क्विट करून टर्मक्समध्ये टर्मक्स-ओपन वाट.एसव्हीजी म्हणा आणि ब्राउझरमध्ये उघडा.

वावरात कोण, कधी

आता मुद्द्याचं. समजा एक वावर आहे, जंगलाला लागून. चोवीस तासांच्या दोन फाइली बनवा, दिवसांऐवजी पहिला कॉलम तासांचा. एक शेतकऱ्याची: सकाळी नऊला वावरात, संध्याकाळी पाचला घरी. दुसरी वाघाची: रात्री दोनला त्याच वावरातून पार. दोन्ही फाइली एकाच एसप्लॉटमध्ये, स्वल्पविराम देऊन.

वरून बघा. दोन्ही रेघा वावरात एकमेकींना छेदतात. नकाशा म्हणतो, वाघ आणि माणूस एकाच जागी. बाजूने बघा. शेतकऱ्याची उभी रेघ नऊ ते पाचच्या उंचीवर, वाघाची दोनच्या उंचीवर. भेट झालीच नाही. दोघांनी जागा वाटून घेतली, वेळ वेगळी ठेवून.

वॉकरच्या प्रवासात नेमकं हेच झालं असणार. त्याच्या वाटेवर शेतं होती, गावं होती, रस्ते होते. एवढ्या चालण्यात माणसाशी टक्कर झाल्याची नोंद एकच, तीही तो झुडपात विसावलेला असताना माणूस आत शिरला म्हणून. जखम किरकोळ होती. शेकडो ठिकाणी माणसाच्या आणि त्याच्या वाटेची सावली एकमेकींवर पडली असेल, पण उंची वेगळी राहिली.

आता शेतकऱ्याच्या फाइलमधले तास बदला. नऊच्या जागी रात्री अकरा, पाचच्या जागी पहाटे चार. कारण तुम्हाला माहीत आहे. आपल्याकडे शेतीची थ्री-फेज वीज पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की गहू-हरभऱ्याला ओलित करायला रात्रीच जावं लागतं. वरून रानडुकरांसाठी जागल वेगळी. अकरा ते चार असं मध्यरात्र ओलांडणारं लिहिताना तास २३ ते २८ असे पुढे मोजा, नाहीतर रेघ खाली येईल. वाघाचे दोन वाजताही मग २६ होतात.

रिप्लॉट करा आणि फिरवून बघा. आता कुठल्याही कोनातून छेद तुटत नाही. नकाशा आधी होता तोच आहे, सावली तसूभर हललेली नाही. बदलली फक्त उंची.

म्हणून शेतीला दिवसा वीज हा विषय निघतो तेव्हा मला तो नुसता सोयीचा वाटत नाही. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा. हेतू दिवसा वीज. जंगलाला लागून असलेल्या गावांसाठी तिचा अर्थ असा की माणसाची रेघ वाघाच्या रेघेपासून उंचीने दूर सरकते. कुंपण बांधायला जमीन लागते, वेळ वेगळी करायला लागत नाही. कुठल्या फीडरला आधी दिवसाची वीज द्यायची हे ठरवताना वाघाचा नकाशा पुरत नाही, वाघाचं वेळापत्रकही समोर पाहिजे. आणि ते तिसऱ्या अक्षावरच दिसतं.

हा प्रश्न एका वाघापुरता नाही. मार्च २०२१ मध्ये गौताळा अभयारण्यात, थेट तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्याकडे, कॅमेऱ्यात एक वाघ दिसला. पट्ट्यांवरून तोही टिपेश्वरकडचाच निघाला. १४८ चौरस किलोमीटरमध्ये वाढलेले तरुण वाघ जागा शोधायला निघणारच, आणि मधली जमीन बहुतेक शेतीची आहे.

तुमची स्वतःची रेघ

गृहपाठ. उद्याचा एक दिवस, दर अर्ध्या तासाला फोनच्या मॅपवर स्वतःच्या जागेवर बोट दाबून धरा आणि आकडे टिपा. तास, रेखांश, अक्षांश. तीसेक ओळी होतील. नोंदवणारं अॅप असेल तर त्याची सीएसव्ही फाइलही चालेल, फक्त आधी सेट डेटाफाइल सेपरेटर ',' ही कमांड द्या आणि कॉलमचे नंबर तपासून घ्या.

प्लॉट करा, बाजूने बघा. कॉलेज कुठे, चहाची टपरी कुठे, बस कधी पकडली, सगळं ओळखू येईल. आणि रात्री दहा ते सकाळी सहा एक लांब, काटकोनात उभी रेघ असेल. ती तुमच्या घरावर आहे.

ती फाइल कुणालाही पाठवू नका. नाव काढून टाकलं तरी ती उभी रेघ तुमचा पत्ता सांगते. वाघाच्या बाबतीत ती रेघ म्हणजे त्याची झोपायची झुडपं. कॉलरचे ताजे बिंदू लपवून का ठेवतात, हे स्वतःची रेघ बघितल्यावर वेगळं सांगावं लागणार नाही.

चित्र पाठवायचंच असेल तर अक्षांवरचे आकडे काढून पाठवा: अनसेट एक्सटिक्स, अनसेट वायटिक्स, मग रिप्लॉट. पुढच्या वेळी याच फाइलमधून वेग कसा काढायचा ते बघू, आणि रेघेला वेगाप्रमाणे रंग देऊ. अडलं तर लिहा. एररचा मेसेज जसाच्या तसा पाठवा, नुसतं "चालत नाही" म्हणू नका राव.